मिरचीच्या दोन रेघा

रोज सकाळी मी बोटाला सुई टोचतो, रक्ताचा थेंब पट्टीच्या टोकाला लावतो आणि त्या छोट्या यंत्रावर साखरेचा आकडा येईपर्यंत खाटेवर बसून राहतो. मग पोटाला इन्सुलिन टोचतो. वर्षानुवर्षं हे चाललंय. पण त्या पट्टीत नेमकं काय असतं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. तसा मी न विचारणारा माणूस नाही. बैल घेताना मी त्याच्या आधीच्या मालकाचीसुद्धा चौकशी करायचो. पट्टीचं मात्र विचारलं नाही, कारण ती डॉक्टरनं दिली होती, आणि डॉक्टरला प्रश्न विचारला की तो मान वर न करता पुढच्या पेशंटला हाक मारतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहितो तेही हळू, एकेक अक्षर बघून. पण मिरचीतलं मला कुणी शिकवू नये. आमच्याकडे नंदुरबारला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर ओली लाल मिरची पसरून वाळवतात. त्या जागेला पथारी म्हणतात. मोसमात शेजारच्या रस्त्यानं जाणारा मोटारसायकलवाला शिंकतच पुढे जातो. घरची शेती सांभाळून मी तिथं कितीतरी हंगाम मिरची पारखायला जायचो. मूठभर मिरची कानाशी धरून हलवायची, बी वाजलं तर ती वाळली. देठाजवळ दाबून बघायचं, कारण ओल शेवटपर्यंत तिथंच लपते. पांढरी पडलेली फटकी बाजूला काढायची. आणि शेवटी एक मिरची मोडून नाकाशी न्यायची. माझ्या नाकानं हो म्हटलं की व्यापारी पुढं काही विचारत नसे.

यंदा होळीच्या आधी नात घरी आली. माझ्या मुलाची मुलगी. मोठ्या शहरात प्रयोगशाळेत शिकते आणि तिथंच कामही करते. बॅग ठेवून पाणी प्यायली आणि माजघराच्या कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आबा, हाई पोतं फुईकडे आते धाडानं नई."

फुई म्हणजे तिची आत्या, माझी थोरली लेक. सुरतेकडे दिलेली आहे. दर वर्षी संक्रांत झाली की घरच्या मिरचीचं एक पोतं तिच्याकडे जातं. लग्न झाल्यापासून तो नेम आहे. यंदा नेमका त्याच वेळी तिला आजार झाला. डोळे पिवळे, लघवी पिवळी, लिव्हरला सूज. ती दवाखान्यात, जावई तिच्या उशाशी, घराला कुलूप. पोतं कुणाकडे पाठवणार? म्हणून बांधलेलं पोतं महिना-दीड महिना कोपऱ्यात उभं राहिलं. आता लेक घरी आली होती, जेवू लागली होती. डॉक्टरनं थोडी मिरची चालेल म्हटलं होतं. आदल्याच दिवशी तिचा फोन आला होता; आळणी खाऊन कंटाळली होती, तिकडची मिरची नको म्हणत होती. "बाबा, बिनमिरचीनं खाई खाई माले कटाया उना. आठली मिरची तोंडमा धरवत नई. आपली धाडशात ना?"

"धाडसू, बेटा," मी सांगितलं होतं. बापानं एकदा शब्द दिला म्हणजे दिला.

"का नई धाडानं?" मी नातीला विचारलं. "मन्ही मिरचीमा काय खोट शे?"

"खोट शे का नई, तेच देखानं शे. तपासीसन मंग धाडू."

मी पोत्याची सुतळी सोडली, एक मिरची मोडली आणि तिच्या नाकाशी धरली. "ले. नाकले इचार."

माझी बायको, म्हणजे आमची म्हातारी, चुलीपाशी लसूण सोलत होती. ती तिथूनच बोलली, "तुमन्या नाकमा तमाखूशिवाय दुसरं काय जास? तेले काय इचारानं!"

नात हसली, पण पोतं सोडेना. ती घरात आमच्यासारखीच अहिराणी बोलते. शास्त्र सांगायला लागली की मात्र शाळेच्या मराठीत जाते, आणि ती तशी गेली की समजावं, आता ही मागे हटणार नाही. म्हणाली, मिरचीवर, भुईमुगावर, मक्यावर एक बुरशी येते. ती एक विष सोडते, त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. त्याला वास नाही, चव नाही. आणि ते बसतं कुठं, तर लिव्हरवर.

"दिसत नाही, वास येत नाही, मग ते आहे हे कुणाला कळलं?"

"म्हणून तर पट्टी केली, आबा. मी सोबत आणलीय."

"तव्यावर भाजली तर जाईल ना?"

"भाजून पुरतं जात नाही. तळूनही नाही."

हे ऐकून मला राग आला. तिच्यावर नाही, त्या विषावर. इतकी वर्षं मी या मिरचीत वावरलो आणि हे एक जनावर माझ्या नाकासमोरून न दिसता जात होतं म्हणे. माझा विश्वास बसला नाही. पण लेकीच्या लिव्हरचं नाव निघालं होतं. म्हटलं, कर तुझी तपासणी. तुझी पट्टी पण बघू आणि माझं नाकही बघू.

पोत्यातून नमुना काढायचं काम मी तिला करू दिलं नाही. ती वरची मूठभर घेत होती. मी म्हटलं, वर तर सगळेच चांगलं दाखवतात. माझ्याकडे पोत्यात खुपसायची पोकळ लोखंडी सळी आहे, एका बाजूनं चिरलेली. ती मी वरून, मधून, बुडातून, जिथं पोतं जमिनीला टेकलं होतं तिथूनसुद्धा घातली आणि मिळालेली मिरची परातीत एकत्र केली. नात म्हणाली, आमच्याकडे हेच शिकवतात; विष एका कोपऱ्यात असतं आणि माणूस दुसऱ्याच कोपऱ्यातली मिरची तपासून मोकळा होतो.

ती मिरची तिनं मिक्सरला फिरवली. सगळं घर खोकलं. थोडी पूड मोजून बाटलीत घातली, सोबत आणलेलं स्पिरिटासारख्या वासाचं पाणी ओतलं आणि बाटली माझ्या हातात दिली. हलवायचं काम माझ्याकडे. मी ओट्यावर बसून ताकाची बरणी हलवावी तशी ती हलवत राहिलो आणि मग मला वाट सापडली. मी विचारायला सुरुवात केली.

"माझ्या साखरेच्या पट्टीत काय असतं गं?"

"तिच्यावर साखर ओळखणारा एक गडी बसवलेला असतो," ती म्हणाली. "रक्तात शंभर गोष्टी असतात, पण तो साखरेशीच झटतो. तो झटला की बारीकशी वीज निघते, तीच यंत्र मोजतं. ही मिरचीची पट्टीही तशीच. फक्त हिच्यातला गडी विष ओळखतो."

"आणि हा गडी आणतात कुठून?"

"बाजारातल्या पट्ट्यांत बहुतेक जनावराच्या अंगानं तयार केलेला असतो. आमच्या लॅबमध्ये आम्ही तो स्वतः ओवून बघतोय."

ओवून? मी बाटली हलवायची थांबलो.

तिनं आजीच्या डब्यातून सुईदोरा घेतला. चिंचोका, शेंगदाणा, मिरचीचा देठ, लसणाची पाकळी, जे हाताला लागलं ते दोऱ्यात ओवलं. म्हणाली, आपलं अंग अशा माळांनी बनलंय. मणी मोजून वीस जातींचे. लांब माळ असली की प्रथिन, छोटी असली की पेप्टाइड. काही मण्यांना पाणी आवडतं, काही पाण्यापासून पळतात, काही एकमेकांना ओढतात. म्हणून माळ सरळ राहत नाही, आपोआप मुडपते. आणि मुडपून तिच्यात जी खाच पडते, तिच्यात एखादीच वस्तू नेमकी बसते. कुलपात किल्ली बसावी तशी.

"कुठला मणी कुठं घालायचा, हे कोण ठरवतं?"

"आधी कॉम्प्युटर सुचवतो. मग आम्ही माळ करून बघतो. बहुतेक निकामी निघतात."

हे ऐकून मला बरं वाटलं. मी बियाण्याचं झाड निवडतो तेव्हा तेच होतं. दिसायला राजासारखं झाड, आणि पुढच्या साली त्याचं पोर भलतंच निघतं.

तिचं स्वतःचं काम विष पकडायचं नाही, औषधाचं आहे. साखरवाल्यांच्या पायाची जखम भरत नाही, चिघळत जाते, त्यासाठी ती माळ शोधते. कल्पना आली बेडकावरून. बेडूक सडक्या डबक्यात राहतो, पण त्याची जखम सहसा सडत नाही, कारण काही बेडकांच्या कातडीतून अशा माळा पाझरतात आणि त्या जंतूंना फोडतात. पण बेडकाची माळ जशीच्या तशी माणसाला चालत नाही, ती आपल्या रक्तालाही फोडते. म्हणून एखादा मणी काढ, दुसरा घाल, पुन्हा बघ. हेच ती दिवसभर करते. मी जन्मभर तापीच्या काठानं बेडूक बघितले. घाणीत बसून हा सडत कसा नाही, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. त्याची मला चुटपुट लागली.

"आणि आबा, तुमचं इन्सुलिन पण माळच आहे," ती म्हणाली. "तुमच्या पेनात जे आहे त्यात माणसानं एक मणी बदललाय आणि दोन जास्तीचे जोडलेत. म्हणून ते एकदा टोचलं की दिवसभर हळूहळू उतरतं."

मी पोटावरून हात फिरवला. रोज सकाळी मी कुणीतरी ओवलेली माळ पोटात घालत होतो, आणि मला वाटत होतं पाणी टोचतोय.

म्हातारी म्हणाली, "आते सगया गावले सांगत फिरतीन, मी माया घालस म्हनीसन." माया म्हणजे आमच्या बोलीत माळा.

एवढ्यात बाटलीतलं पाणी निवळलं. नातीनं वरचं पाणी गाळलं, दुसऱ्या पाण्यात पातळ केलं आणि त्याचे थेंब पांढऱ्या पट्टीच्या टोकाला घातले. ओल पट्टीवरून पुढे सरकत गेली. आम्ही तिघंही डोकी जवळ आणून बघत होतो. हळूहळू एक लाल रेघ उमटली.

"आली!" मी म्हटलं. "एकच आली. बाई, तुझं विष निघालं असतं तर आणखी एक आली असती ना?"

तिचा चेहरा पडला होता. "आबा, उलटं आहे. दोन रेघा आल्या तर मिरची चांगली. एकच आली म्हणजे विष जास्त."

"हे कुठलं गणित? साखर वाढली की माझा आकडा वाढतो. इथं विष वाढलं की रेघ गायब? तुन्ही पट्टीच खोटी शे!"

मी उठून अंगणात गेलो. खरं सांगायचं तर रागानं गेलो. माझ्या हातची मिरची, मी पारखलेली, आणि बोटाएवढी कागदाची पट्टी तिला विषारी म्हणते. ती माझ्या मागं आली नाही. ओट्यावरूनच सांगत राहिली. पट्टीच्या बुडाशी लाल रंगाचे गडी ठेवलेले असतात. पाणी आलं की ते त्याच्याबरोबर पुढं चालतात. वाटेत पहिल्या रेघेवर त्यांना अडवायला विषाचाच तुकडा चिकटवून ठेवलेला असतो. गडी रिकामा असला तर त्या तुकड्याला धरून तिथं थांबतो, आणि खूप जण थांबले की रेघ लाल दिसते. पण मिरचीतच विष असेल तर गड्याचे हात आधीच भरलेले. तो थांबत नाही, पुढं निघून जातो.

मी निंबाखाली उभा होतो. तिथं मला सारंगखेड्याची जत्रा आठवली. घोडे बघायला मी दर वर्षी जायचो, घ्यायला नाही. ज्याच्या हाती लगाम नाही, तो प्रत्येक उमद्या घोड्यापाशी थांबतो, दात बघतो, भाव विचारतो. त्या घोड्याभोवती गर्दी होते. आणि ज्यानं घोडा आधीच घेतलाय, तो आपला लगाम धरून सरळ चालता होतो, दुसऱ्या घोड्याकडे बघतसुद्धा नाही.

"म्हणजे लगाम हातात असलेला गडी थांबत नाही," मी ओट्याकडे येत म्हटलं. "आणि दुसरी रेघ?"

"ती नाक्यावरची. तिथं भरल्या हाताचा असो की रिकाम्या, सगळ्यांना थांबवतात. ती आली म्हणजे पट्टी नीट चालली, एवढंच कळतं."

समजलं. पण समजणं वेगळं आणि मानणं वेगळं. मी म्हटलं, पट्टी काय करते ते कळलं, पण माझी मिरची खराब आहे हे मला मान्य नाही. आणखी एक पट्टी काढ. आणि मी शिडीवर चढलो.

आमच्या आढ्याला बियाण्याची मिरची टांगलेली असते, कापडात बांधून. शेतातल्या सगळ्यात चांगल्या झाडांची. तिला घरात कुणी हात लावत नाही. हीच लेक लहान असताना तिनं त्यातली एक भाकरीबरोबर खाल्ली, तर मी असा ओरडलो होतो की शेजारी गोळा झाले. पोत्यातली मिरची त्याच झाडांची, त्याच तोडणीची, त्याच पथारीवर त्याच उन्हात वाळलेली. आता ही पट्टी बियाण्याच्या मिरचीलाही विषारी म्हणाली, तर ती खोटी हे मी छाती ठोकून सांगणार होतो.

पुन्हा मिक्सर, पुन्हा खोकला, पुन्हा बाटली हलवणं. पट्टीवर ओल चढली. आधी नाक्यावरची रेघ आली. मग तिच्या अलीकडे दुसरी, आधी फिक्कट, मग ठळक. दोन रेघा.

मी जिंकलो की हरलो, हे मलाच कळेना. नातीनं विचारलं, "आबा, दोन्ही एकच मिरची आहे म्हणता. मग या दोघींत फरक काय केलात तुम्ही?"

फरक काहीच नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात म्हातारी लसणाची सुपली खाली ठेवून म्हणाली, "पानी."

कडक वाळलेली मिरची पोत्यात दाबली की मोडते, तिचा चुरा होतो, बी गळतं. म्हणून पोतं भरण्याआधी आम्ही तिच्यावर पाणी शिंपडतो. मिरची मऊ पडते, नीट बसते, दिसायलाही उजळ दिसते. पथारीवरही असंच करताना मी बघत आलो. पाणी मारलेलं पोतं आठवड्यात लेकीकडे पोचायचं. ती उघडायची, पुन्हा गच्चीवर ऊन द्यायची आणि मगच कुटायची. यंदा ते पोतं बांधलेलंच राहिलं, ओल पोटात घेऊन, जमिनीला टेकून. आणि बियाण्याच्या मिरचीला मात्र आम्ही पाणी मारत नाही. कधीच नाही. मारलं तर बी कुजतं, उगवत नाही, हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मी त्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसलो. बियाला पाणी सोसत नाही एवढं आम्हाला ठाऊक. पण ज्यानं बी कुजतं ते खाणाऱ्याच्या पोटात काय करत असेल, हे पुढचं पाऊल कुणी टाकलं नव्हतं.

"मंग ऊन दाखाडीसन चालाव नई का?" म्हातारीनं पोत्याकडे बघत विचारलं.

"उन्हानं ओल जाईल, आजी. झालेलं विष जाणार नाही."

नातीनं दोन्ही पुडींतलं थोडं थोडं पुड्यांत भरून घेतलं. पट्टी फक्त सांगते, हद्दीच्या आत की बाहेर. नेमकं किती, ते लॅबचं मोठं यंत्र सांगतं. पुढं तिचा फोन आला, यंत्रही तेच म्हणालं. पण मी तोवर थांबलो नव्हतो. दुसऱ्या सकाळी पोतं बांधावर नेलं, खोल खड्डा केला आणि पुरलं. गुराच्या तोंडी जाऊ नये म्हणून वर बाभळीच्या काट्या टाकल्या.

राहिली लेक. मिरची पाठवतो असा शब्द गेला होता. बाजारातून घेऊन पाठवावी, तर त्या पोत्यावर कुणी किती पाणी मारलं ते मला काय माहीत? मी पुन्हा शिडीवर चढलो.

"आबा, बियाण्यानी?" नात खालून ओरडली. "मंग पुढल्या साले लावशात काय?"

"बी मन्हं, साल तिनी," मी म्हटलं.

आम्ही तिघं अंगणात बसलो आणि एकेक मिरची उभी चिरून बी काढलं. बी माझ्या ताटात, साली परातीत. शिंका, डोळ्यांतून पाणी, म्हातारीच्या शिव्या. ढीगभर मिरचीतून साली निघाल्या त्या मोठ्या डब्याएवढ्याच. नातीनं त्यांतूनही चिमूटभर घेऊन शेवटची पट्टी लावली. मी म्हटलं, बियाण्याची तर तपासली ना एकदा? ती म्हणाली, "आबा, आता तिघांच्या हातांतून गेली ना ती." मला पटलं. दोन रेघा आल्या, तेव्हाच डबा बांधला. या वेळी पाण्याचा थेंब नाही. चुरा झाला तर झाला, कुटायचीच आहे.

नात परत निघाली तेव्हा मी तिला एक प्रश्न दिला. विष पट्टीवर पकडणारी माळ होते, जखम भरणारी माळ होते, मग पोटात गेलेलं हे विष पोटातच धरून ठेवणारी माळ का होऊ नये? ती बॅग उचलता उचलता थांबली. म्हणाली, तसं करायचं तर ती माळ पोटात पचून जाता कामा नये, तीच मोठी अडचण आहे. मी म्हटलं, मग ती अडचण सोडवा. मी वाट बघतोय. अजून उत्तर आलेलं नाही. मी दर फोनवर विचारतो.

डबा पोचल्यावर लेकीचा फोन आला. "बाबा, यंदा मिरची इतली कमी तिखट कशी? पन चव आपलीच शे."

"बी काढेल शे. ती आढ्यानी शे."

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं.

"बाबा, बियाण्यानी?"

"हाव."

"मंग आते वरडशात नई ना?"

"खाय, बेटा," मी म्हटलं. "पोटभर खाय."